उन्हाळी लागते, पण सांगायचं कुणाला?

आजचा विषय ऐकून रेडिओचा आवाज बारीक करू नका. घरात सासरे, दीर बसले असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी दोन हजार रुपये कर्ज घेतलं. कर्जवहीत कारण लिहिलं, 'शेळीचं औषध'. सहा महिन्यांत आणखी दोनदा कर्ज घेतलं, कारण तेच. मावशींची शेळी एकच, आणि ती चांगली टुणटुणीत. चौथ्या वेळी मावशींनाच थंडी वाजून ताप भरला, कंबर धरून त्या आडव्या झाल्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात दाखल झाल्या. तेव्हा कळलं, त्यांना सारखी उन्हाळी लागत होती. लघवीला जळजळ, थेंब थेंब लघवी, ओटीपोटात दुखणं. दर वेळी औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणायच्या, दोन घेतल्या की बरं वाटायचं, उरलेल्या डब्यात. मी सहयोगिनी. वही मीच तपासत होते. तीनदा 'शेळी' वाचलं आणि मला काही सुचलं नाही.

तेव्हापासून या दुखण्याचा मागचा इतिहास मी शोधून वाचला. तो तुम्हाला सांगते.

दुखणं फार जुनं आहे. इजिप्त देशात साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा वैद्यकाचा एक लेख सापडला आहे, त्यातही लघवीच्या तक्रारींवर उपाय दिले आहेत. आपल्याकडे चरकसंहितेत याला 'मूत्रकृच्छ्र' म्हटलं आहे, म्हणजे कष्टाने होणारी लघवी, आणि त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. गोखरूचा काढा तेव्हापासूनचा. आपल्या आज्या म्हणायच्या, अंगात उष्णता वाढली म्हणून उन्हाळी लागली. मग धण्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी द्यायचं, तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळायचं. धण्याच्या पाण्याने पोटात पाणी जायचं, लघवी साफ व्हायची, थोडा आराम पडायचा. आजीचा अनुभव खोटा नव्हता. पण जळजळ कशाने होते, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळायला १८८५ साल उजाडलं. जर्मनीत थिओडोर एशेरिश नावाच्या डॉक्टरांना तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक जंतू सापडला. तो आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो, तिथे सहसा त्रास देत नाही. पुढे कळलं, की हाच जंतू लघवीच्या वाटेत शिरला की जळजळ होते. आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो. बाईची लघवीची नळी जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची २० सेंटिमीटरच्या आसपास. शिवाय आपली ती वाट शौचाच्या जागेच्या जवळ. म्हणून हे दुखणं बायकांना जास्त. दोघींतल्या एकीला तरी आयुष्यात एकदा होतंच. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, हे ठसवून घ्या.

आता त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी बंगालमध्ये सेरामपूरला भाषण केलं आणि बाई डॉक्टरांची या देशाला किती गरज आहे ते सांगितलं. बायका पुरुष डॉक्टरपुढे दुखणं बोलत नव्हत्या, सोसत राहायच्या. १८८६ साली आनंदीबाई अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायकामुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथे बायकांना बायकाच तपासत. एडिथ पीची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर तिथल्या प्रमुख होत्या. आनंदीबाई मात्र १८८७ साली, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, गेल्या. म्हणजे जंतू सापडला आणि दुखणं ऐकून घेणारी बाई मिळाली, या दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या अंतराने घडल्या.

तरी जंतू मारणारी चांगली गोळी नव्हती. ती आली १९३५ साली. गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञांनी लाल रंगाच्या एका द्रव्यापासून औषध शोधलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हातात सुई घुसून विष चढलं होतं, तीही याच औषधाने वाचली. त्याच घराण्यातल्या सल्फाच्या गोळ्या पुढे लघवीच्या दुखण्यावर चालू लागल्या. १९५३ साली नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध आलं. डॉक्टर ते आजही देतात. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड कॅस यांनी लघवीतले जंतू मोजायची रीत घालून दिली. मग कळलं, की गरोदर बाईला काही त्रास नसला तरी लघवीत जंतू असू शकतात आणि ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. आशाताई गरोदरपणात लघवी तपासायला सांगतात, त्याचं एक कारण हे.

पण औषधं आली आणि आपण ती अर्धी घेऊ लागलो. अर्ध्या गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत, आणि औषधं अशी उगाच, मनाने घेत गेलं की त्यांना दाद न देणारे जंतू वाढत जातात. मावशींच्या लघवीची कल्चर तपासणी झाली, म्हणजे जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते पाहिलं. वर्षभर घेतलेली गोळी त्या जंतूवर चालतच नव्हती. सोबत साखरही वाढलेली निघाली.

म्हणून सारखा त्रास होत असेल तर गोळी सुरू करण्याआधी लघवी तपासा, साखर तपासा, आणि डॉक्टरांनी दिलेला डोस पुरा करा. दुसरीच्या गोळ्या घेऊ नका. खाज किंवा अंगावरून पांढरं जात असेल तर दुखणं वेगळं असू शकतं, औषधही वेगळं. पाळी गेलेल्या बायकांना तिथे कोरडेपणा येऊन त्रास होतो, त्यावरही उपाय आहे, विचारा. थंडी वाजून ताप, पाठीत किंवा कुशीत कळ, उलट्या, लघवीतून रक्त, किंवा पोटात बाळ असेल तर धण्याच्या पाण्यावर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरी काय करायचं? पुढून मागे धुवायचं. आत साबण, जंतुनाशक घालायचं नाही. नवऱ्याजवळ गेल्यावर लघवी करून यायचं. लघवी दाबून धरायची नाही. आणि पाणी प्यायचं. बल्गेरियात सारखा हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायकांचा अभ्यास झाला, तो २०१८ साली छापून आला. निम्म्या बायकांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी दीड-दोनदाच त्रास झाला, बाकीच्यांना तीनदाहून जास्त. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर मात्र किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

आता तुम्ही म्हणाल, ताई, पाणी प्यायलो तर जायचं कुठे? खुरपणीला, ऊसतोडीला, बाजाराला गेलेली बाई पाणी पीत नाही ती याचसाठी. आपल्या आया पहाटे अंधारात आणि रात्री अंधारात, अशा दोनच वेळा बाहेर जायच्या. घरात संडास आला, तरी शिवारात आणि आठवडी बाजारात आडोसा नाही. हे दुखणं निम्मं तिथूनच येतं. ग्रामसभेत रस्त्याबरोबर बाजारातल्या मुतारीचाही ठराव मांडा. लाज वाटली तर पाचजणी मिळून उभ्या राहा.

आमच्या गटाने एक बदल केला. कर्जाच्या कारणात नुसतं 'आजारपण' लिहिलं तरी चालतं, कोणतं ते कुणी विचारत नाही, आणि ते कर्ज आधी मिळतं. मावशी आता बैठकीला येताना पाण्याची बाटली आणतात. मागच्या महिन्यात त्यांनी खरंच शेळीसाठी कर्ज मागितलं. सगळ्याजणी हसल्या. मी मात्र विचारून घेतलं, "मावशी, शेळीच ना?"

ऐकत राहा, बोलत राहा.