ॲप म्हणतं बरोबर, बाई म्हणतात चढा: पेटीच्या भांडणाची गोष्ट

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्या फजितीपासून.

ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मी गाणं शिकायला जातो. भूप चालू होता. गंधारावर थांबलो, आणि बाई म्हणाल्या, "चढा लागतोय रे गंधार. खाली घे." मला पटेना. घरी आठवडाभर फोनमधल्या ट्यूनर ॲपवर घासून आलो होतो, 'ग'वर हिरवा दिवा लागेपर्यंत. तिथेच फोन काढला, गायलो, हिरवा दिवा बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "तो फोन आधी पिशवीत टाक."

राग आला होता, खरं सांगतो. डेटा माझ्या बाजूने होता ना! घरी येऊन गणित मांडलं, आणि निघालं असं की ॲप आणि बाई दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांचं हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. त्यात सांगलीचे एक निवृत्त अधिकारी आहेत, एक इंग्रज न्यायाधीश आहेत आणि आकाशवाणीने घातलेली एक बंदीसुद्धा आहे.

आधी गणित. घाबरू नका, दोन मिनिटांचं आहे.

समजा तुमचा सा २४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कंपनं. वरचा सा त्याच्या दुप्पट, ४८०. पंचम दीडपट, ३६०. आणि कानाला एकदम मिसळून गेलेला वाटतो तो गंधार सव्वापट, म्हणजे बरोबर ३००. हे आकडे कुठल्या शास्त्रकाराने ठरवले म्हणून नाहीत. तार छेडली की ती अख्खी हलते, तशीच दोन, तीन, चार, पाच भागांतही हलते. त्या पाचव्या भागातून जो बारीक सूर येतो तो गंधार. तानपुऱ्यात गंधाराची तार नसते, तरी कोणी न गाता तो ऐकू येतो, तो इथून. इयरफोन लावा, तानपुऱ्याचं ॲप सुरू करा, खर्जाच्या तारेकडे लक्ष द्या. पहिल्या दिवशी नाही सापडणार. मला तीन आठवडे लागले.

आता पेटी. युरोपातलं संगीत मधेच आपला 'सा' बदलतं, त्यामुळे त्यांना प्रत्येक पट्टीवरून सारखंच वाजणारं वाद्य हवं होतं. त्यांनी तडजोड केली: सा ते वरचा सा या अंतराचे बारा एकसारखे तुकडे. या हिशेबात पंचम येतो ३५९.६, म्हणजे फरक जवळपास कळतच नाही. पण गंधार येतो ३०२.४. ३०० च्या जागी ३०२.४! ऐकायला फुटकळ वाटतं. पण तानपुऱ्याशेजारी हा गंधार धरला, तर तारेतला गंधार आणि तुमचा गंधार वरच्या पट्टीत एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथर ऐकू येते. बाईंच्या कानाला ती थरथर टोचत होती. माझं ॲप बारा समान तुकड्यांवर बसवलेलं होतं, त्याच्या लेखी ३०२.४ म्हणजे हिरवा दिवा.

हार्मोनियम मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४०च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची होती, खुर्चीवर बसून वाजवायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात हाताने भाता मारायची, जमिनीवर बसून वाजवता येणारी पेटी बनू लागली, आणि मग ती थांबलीच नाही. भजन, कीर्तन, तमाशा, नाटक, सगळीकडे गेली. आपल्या संगीत नाटकात पायपेटीचा थाटच वेगळा. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा माणूस तर पेटीवादक म्हणून नावाजला आणि 'मानापमान'ला चालीही त्यांनीच दिल्या. गायकाला हवा तो सा, काळी दोन म्हणा की पांढरी चार, एका सेकंदात मिळतो. सारंगी जुळवत बसा, तिच्या तरफा लावत बसा, ही कटकट नाही. पेटी पसरली ती या सोयीमुळे.

पण कान तयार असलेल्या लोकांना खटकत होतंच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल (नाही, 'शारदा' लिहिणारे देवल ते वेगळे) हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. माणसाने निवृत्तीनंतर काय करावं? त्यांनी तारांच्या लांब्या मोजल्या. भरताच्या नाट्यशास्त्रात एका सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या आहेत, त्या नेमक्या किती कंपनांच्या, हे त्यांना आकड्यांत हवं होतं. त्यांच्या प्रयोगांना गळा मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांचा, म्हणजे किराणा घराण्याचा. १९१० मध्ये देवलांचं इंग्रजी पुस्तक आलं. मग ई. क्लेमंट्स नावाच्या आय.सी.एस. न्यायाधीशाने ते काम पुढे नेलं आणि खास सूर बसवून 'श्रुती हार्मोनियम' बनवून घेतली. बग सापडला, पॅच आला!

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या श्रुती हार्मोनियमवर चर्चा झाली. परिषदेमागचे मुख्य माणूस पंडित भातखंडे. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांची भूमिका व्यवहाराची होती: बारा स्वर धरा, दहा थाट मांडा, राग शिकवता आले पाहिजेत. श्रुतीचा सूक्ष्म भाग गळ्याकडून गळ्याकडे जाईल. पूर्वी मला हे ढोबळ वाटायचं. आता वाटतं, देवलांचा प्रश्न जास्त सुंदर होता, पण भातखंड्यांनी जास्त लोकांना दारातून आत घेतलं.

आणि पॅच का चालला नाही? दरबारीतला कोमल गंधार आठवा. तो एका जागी उभाच राहत नाही, खालून झुलत येतो. बावीस काय, बावन्न पट्ट्या लावल्या तरी पट्टी म्हणजे जागा, आणि इथे हवाय तो प्रवास. मींड पेटीवर येत नाही ती याच कारणाने. पुढे १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या दोन संशोधकांनी कलाकारांचा गंधार यंत्राने मोजला. तो कलाकारागणिक वेगळा निघालाच, शिवाय एकाच वादनातही हलत होता. म्हणजे माझा तो 'बरोबर ३००' हासुद्धा विसाव्याचा मुक्काम आहे. गाणारा तिथे कायमचा राहायला जात नाही.

दरम्यान रेडिओवर वेगळंच घडलं. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते जॉन फोल्ड्स, इंग्रज संगीतकार. त्यांनी १९३८ मध्ये पेटीवर कडक टीका करणारा लेख लिहिला. टागोरांनाही पेटी नको होती. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियम बंद! स्वातंत्र्य आलं, बंदी राहिली. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, तरीही राहिली. १९७१ मध्ये ती सैल झाली, तीही साथीपुरती आणि अटी घालून.

एकतीस वर्षं! या काळात मैफलीत, देवळात, नाटकात पेटी वाजतच होती. रेडिओच्या स्टुडिओच्या दारात मात्र पेटीवाला बाहेर. ज्या काळात रेडिओ म्हणजे नाव आणि मानधन दोन्ही, त्या काळात. गंधाराबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण २.४ हर्ट्झसाठी माणसांची रोजी अडवायची, हे मला आजही पटत नाही. पुढे आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची साथ ऐकली की कळतं, चांगला पेटीवाला त्या गंधारावर रेंगाळतच नाही. गायक तिथे थांबला की तो बोट हलकं करतो, षड्ज-पंचम भरतो, सरकून जातो. वाद्याची खोड त्याला ठाऊक असते.

हे सगळं शोधून पुढच्या क्लासला गेलो आणि बाईंना मोठ्या उत्साहाने ३०० आणि ३०२.४ सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तानपुरा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "छान. आता लाव बघू."

तिसऱ्यांदा लागला. लागला तेव्हा माझा आवाज मलाच वेगळा ऐकू येईना, तारेत विरघळला होता. एक-दोन सेकंद. मग मी खूश झालो आणि गंधार पुन्हा चढला.