राजासाठी केलेली खुर्ची

बँकेतल्या माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. त्याखाली जुन्या लेजरचा पुठ्ठा दुमडून ठेवलाय, तरी ती डुलतेच. गिऱ्हाइकांना वाटतं, मला झोप येतेय. तेव्हा खुर्ची या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे.

मध्यंतरी कागदपत्रं पोचवायला एका बड्या कंपनीत गेलो होतो. बाहेरच्या दालनात दोन खुर्च्या. पोथीच्या ठवणीसारखे एकमेकांना छेदणारे चकचकीत पोलादी पाय, वर चौकोन पाडलेली काळ्या कातड्याची गादी. टेकणार इतक्यात शिपाई धावला. "साहेब, त्या बसायच्या नाहीत. शोच्या आहेत!"

अपमान गिळून घरी आलो आणि त्या खुर्चीची कुंडली काढली. शिपायाचं फारसं चुकलं नव्हतं.

१९२९ साली स्पेनमध्ये बार्सिलोनाला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. तिथल्या जर्मन मंडपाचं काम मीस व्हान डेर रोह हे वास्तुशिल्पज्ञ आणि लिली राइख या बाई यांच्याकडे होतं. प्रदर्शनाचा मंडप, पण आत मांडलेला माल जवळजवळ नाहीच! संगमरवर, काच, पाणी आणि ही खुर्ची. उद्घाटनाला स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो येणार, तेव्हा आसन तोलामोलाचं हवं. प्राचीन रोममधले बडे अधिकारी फुलीसारख्या पायांच्या आसनावर बसत. तोच घाट पोलादात उतरला. कातडं मात्र तेव्हा पांढरट, डुकराचं. राजा राणीसह आला आणि गेला. १९३० मध्ये मंडप मोडला, १९३१ मध्ये राजाची खरी खुर्चीही गेली. ही उरली.

१९५० च्या सुमारास मीसनी ती सुधारली. क्रोमचा मुलामा दिलेल्या, जोडलेल्या पट्ट्यांच्या जागी एकसंध स्टेनलेस स्टील आलं. १९५३ पासून अमेरिकेतली नोल कंपनी ती काढू लागली. यंत्रयुगाची म्हणून गाजलेल्या या खुर्चीची गादी चाळीस चौकोनी तुकडे हातानं शिवून होते! किंमत विचारू नका. तेवढ्यासाठी आमची बँक कर्ज देत नाही.

पण माझ्यातला कारकून अडला तो दुसऱ्याच नोंदीपाशी. वर्षानुवर्षं खुर्ची जमा होती ती एकट्या मीसच्या खात्यावर. राइखबाई कापडकामात आणि प्रदर्शनं मांडण्यात तरबेज. मीसच्या नावाजलेल्या पोलादी खुर्च्या बहुतेक सगळ्या दोघांनी बरोबर काम केलं त्याच काळातल्या. बाईंचा वाटा नेमका किती, यावर जाणकार अजून वाद घालतात. १९३८ मध्ये मीस अमेरिकेला गेले. पुढच्या वर्षी बाई त्यांना भेटायला गेल्या आणि बर्लिनला परतल्या. युद्धात बाँब पडू लागले, तेव्हा त्यांनी मीसचे सुमारे तीन हजार आणि स्वतःचे नऊशेच्या आसपास आराखडे शहराबाहेर हलवून वाचवले. १९४७ मध्ये त्या वारल्या. खुर्चीचा बाजार तेजीत आला तो त्यानंतर.

आमच्या शाखेतही बॅलन्स जुळवतो कारकून आणि सही ठोकतात साहेब. पण निदान कोपऱ्यात आमची आद्याक्षरं तरी असतात हो!

पंधरा दिवसांनी कागद परत न्यायला गेलो. शिपाई स्टुलावर डुलक्या घेत होता. मी सरळ जाऊन बसलो. खुर्ची बुटकी आणि खोल, हात टेकायला दांडे नाहीत. साहेबांनी बोलावलं तरी उठता येईना. शेवटी शिपायानंच हात दिला.