सेंट ऑल्बन्समध्ये जिंकणं म्हणजे काय?

लंडनच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर, सेंट ऑल्बन्स या मठाच्या गावात 22 मे 1455 रोजी झालेल्या लढाईपासून इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांची सुरुवात मानतात. राजा सहावा हेन्री दोनेक हजार माणसांनिशी गावात होता. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड, सॉल्सबरीचा अर्ल आणि त्याचा मुलगा वॉरिक तीनेक हजार माणसं घेऊन पूर्वेच्या शेतांत उभे होते. टेबलावर छोटे शिपाई मांडून जुन्या लढाया पुन्हा लढणाऱ्या शौकिनांसाठी ही लढाई सोयीची आहे. एक शिपाई म्हणजे वीस माणसं धरली, तर दोन्ही बाजू मिळून अडीचशे शिपाई पुरतात. पण माझ्या मते तिचं मोल सोयीपलीकडचं आहे. खेळ सुरू होण्याआधीच हारजीत कशावर ठरवायची हे लिहावं लागतं, आणि इतिहासाच्या पुस्तकात सहज निसटून जाणारा प्रश्न तिथे टाळता येत नाही: त्या सकाळी जिंकणं म्हणजे नेमकं काय होतं?

आधी जमीन पाहू. गावाला तट नव्हता, जुना खंदक होता आणि रस्त्यांच्या तोंडाशी अडसर घातलेले होते. काही तास बोलणी चालली, ती फिसकटल्यावर यॉर्कच्या लोकांनी अडसरांवर धडक दिली आणि लॉर्ड क्लिफर्डने त्यांना तिथेच रोखलं. टेबलावर हे लगेच पटतं. गल्लीच्या तोंडाशी चारपाच शिपाई शेजारी उभे राहतात, मागचे शंभर नुसते बघत बसतात. संख्याबळ जास्त म्हणून यॉर्क जिंकला, हे स्पष्टीकरण इथेच लंगडं पडतं. कोंडी फुटली ती वॉरिकमुळे. त्याची माणसं घरांमागच्या परसबागांतून, घरांच्या फटींतून मुख्य रस्त्यावर घुसली आणि कर्णे फुंकत त्याच्या नावाचा पुकारा करू लागली. बाजारपेठेतल्या राजाच्या कित्येक माणसांनी तोवर पुरतं चिलखतही चढवलं नव्हतं. आता मांडणीतली अडचण अशी, की अठ्ठावीस मिलिमीटरच्या शिपायाला शोभेल असं एक घर नकाशाच्या प्रमाणात अर्धी आळी व्यापतं. जागा वाचवायला खेळाडू सगळ्यात आधी परसबागाच काढून टाकतो, आणि त्यांच्यासोबत लढाईचा निकालही. म्हणून घरं कमी ठेवावीत, पण मागची कुंपणं आणि वाफे ठेवलेच पाहिजेत.

यावर आक्षेप येतो, की नियम लिहिणाऱ्याने जे आधीच गृहीत धरलं तेच फासे सांगणार. हे खरं आहे, आणि म्हणून खेळातून पुरावा निघत नाही. पण कुठलं गृहीत धरल्यावर काय अशक्य होतं, ते दिसतं, आणि हे गृहीत नियमांच्या कागदावर उघड असतं. प्रवाही गद्यात ते लपून राहू शकतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राजाच्या बाजूने खेळणाऱ्याला वॉरिक कुठून येणार हे ठाऊकच असतं, मग तो बागेत धनुर्धर ठेवणार नाही तर काय? याला उत्तर जुनंच आहे. राइसविट्झने 1824 मध्ये प्रशियाच्या अधिकाऱ्यांसाठी सिद्ध केलेल्या युद्धखेळात पंच असे आणि प्रत्येक बाजूला तिला दिसू शकेल तेवढंच तो सांगे. इथेही पंचाने बाजारातल्या तुकड्यांना चिलखत चढेपर्यंत हलूच देऊ नये.

तरीही खरी कसोटी गुणांकनाची आहे. बाजारपेठ ताब्यात घेईल तो जिंकला, असा नियम ठेवला तर खेळ रंगतो, पण ती 1455 ची लढाई राहत नाही. यॉर्कचा रोष राजाच्या बाजूच्या सॉमरसेटच्या ड्यूकवर होता, राजाशी आपण एकनिष्ठ आहोत असंच तो सांगत होता. सॉमरसेट, नॉर्थंबरलंडचा अर्ल आणि क्लिफर्ड पडले आणि लढाई संपल्यात जमा झाली. एवढ्या मोठ्या नावांच्या मानाने एकूण मृतांची संख्या फार कमी होती. राजाच्या मानेला बाण लागला, त्याला कातडी कमावणाऱ्याच्या घरात नेलं, आणि नंतर यॉर्कने त्याच्यापुढे गुडघे टेकले. म्हणून सॉमरसेट निसटला तर यॉर्क हरला, आणि राजा मेला तरीही यॉर्क हरला, असे दोन नियम हवेत. असं मांडल्यावर लढाईचं रूप पालटतं. ती मला गावासाठीची झुंज कमी आणि तीन माणसांवरचा हल्ला जास्त वाटते. कुणी म्हणेल, हे निष्ठुर आहे, माणसांच्या मरणाचे गुण मोजणं आहे. पण मेलेल्यांना नावानिशी मोजणं हे चौक जिंकल्याचे गुण मोजण्यापेक्षा त्या दिवसाला अधिक प्रामाणिक आहे.

त्याच रस्त्यांवर 17 फेब्रुवारी 1461 ला दुसरी लढाई झाली. तेव्हा घंटाघराजवळच्या धनुर्धरांनी राणी मार्गारेटच्या लोकांना आधी मागे रेटलं. मग राणीचे लोक दुसऱ्या वाटेने शिरले, आणि झुंज गावाबाहेर उत्तरेच्या माळापर्यंत दिवसभर पसरली. त्या लढाईला जमिनीचे गुण चालतात. टेबलावर घरं, रस्ते, घंटाघर तेच राहतं, पण 1455 साठी नियमांचं शेवटचं पान नव्यानं लिहावं लागतं.