वंशावळ, तक्ता आणि पुन्हा वंशावळ

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुलवृत्तांताची एखादी प्रत असते. मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांच्या शाखा. पणजोबांपासून खाली उतरत गेले की हवे ते नाव सापडते. पण ‘१९२० च्या सुमारास बडोद्यास नोकरीला कोण कोण होते?’ असे कोणी विचारले, तर सगळे पुस्तक पानोपान चाळावे लागते. कारण मांडणी शाखावार आहे, गाववार नाही. शिवाय लग्न झालेली लेक माहेरच्या वृत्तांतात असते आणि सासरच्याही. दोन्हींकडे तिची जन्मतारीख वेगळी निघाली, तर खरी कोणती मानायची? संगणकावरील डेटाबेसचा इतिहास बराचसा याच दोन अडचणींभोवती फिरला आहे. आपली मुले-सुना आज ज्या ‘नोएसक्यूएल’ डेटाबेसविषयी बोलतात, त्याला नवे म्हणतात खरे. पण त्याचे मूळ एसक्यूएलच्याही आधीचे आहे.

१९६६ साली अमेरिकेत अपोलो मोहिमेच्या यानाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने ‘आयएमएस’ ही प्रणाली करावयास घेतली. ऑगस्ट १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियातील डाउनी येथे चालू झाली. रचना थेट वंशावळीची : यान, त्याचे भाग, भागांचे उपभाग. ठरलेल्या वाटेने उतरायचे असेल तर वेग उत्तम. मात्र आधी न योजलेला प्रश्न आला की प्रोग्राम लिहिणाऱ्याने नवी वाट शोधायची. मांडणी बदलली की जुने प्रोग्राम मोडायचे.

हे दुखणे आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी ओळखले. जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक आणि शिक्षणाने गणिती. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा : माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, तक्ते समान मूल्यांनी एकमेकांशी जोडा, आणि काय हवे तेवढेच सांगा, कोणत्या वाटेने शोधायचे ते यंत्र पाहील. लेकीची नोंद एकदाच, आणि माहेर-सासर दोन्हींकडून ती सापडणार! १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी या विचारातून प्रश्न विचारण्याची भाषा घडवली, तीच पुढे एसक्यूएल झाली. आयएमएस चांगली कमाई देत असल्याने आयबीएमने मात्र घाई केली नाही. १९७९ मध्ये ऑरॅकलने आधी बाजार गाठला. स्वतःच्या घरातले सोने शेजाऱ्याने विकावे, असा हा प्रकार.

पुढची पंचवीस-तीस वर्षे तक्त्यांचीच होती. मग इंटरनेट आले आणि एका यंत्रात मावेल त्याहून अधिक माहिती जमू लागली. ती शेकडो यंत्रांवर वाटली की एखादे यंत्र किंवा त्यांना जोडणारी तार कधीतरी तुटणारच. अशा वेळी यंत्रांचा आपसातील संपर्क तुटला, तर सर्वांकडे एकच उत्तर राखायचे की प्रत्येकाला काहीतरी उत्तर द्यायचे, यांतले एकच निवडता येते, हे एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडले.

अमेझॉनने २००७ मध्ये ‘डायनॅमो’विषयी निबंध प्रसिद्ध केला, त्यात ही निवड स्पष्ट दिसते. गिऱ्हाइकाच्या टोपलीत वस्तू टाकणे कधीही नाकारायचे नाही, हा त्यांचा नियम. दोन यंत्रांवर टोपलीच्या दोन वेगळ्या प्रती झाल्या, तर त्या एकत्र करायच्या. त्यामुळे काढून टाकलेली वस्तू क्वचित टोपलीत परत दिसे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. दुकानाला हे परवडते, कारण गिऱ्हाईक पैसे भरण्याआधी ती पुन्हा काढू शकते. बँकेच्या खात्यात तसे चालणार नाही. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या एका बैठकीने अशा सगळ्या प्रणालींना ‘नोएसक्यूएल’ हे नाव चिकटवले. गंमत अशी की १९९८ मध्ये कार्लो स्ट्रोझी यांनी हेच नाव आपल्या डेटाबेसला दिले होते, आणि तो चक्क तक्त्यांचा होता!

२००९ मध्येच आलेल्या मोंगोडीबीत एका गोष्टीची सगळी माहिती फांद्यांसह एकाच नोंदीत राहते. म्हणजे पुन्हा वंशावळच. प्रश्न आधीच ठरलेले असतील, नोंद बहुधा अख्खीच वाचली जात असेल, किंवा माहिती एका यंत्रात मावतच नसेल, तर ही मांडणी उपयोगी. उद्या कोण काय विचारील हे माहीत नसेल, किंवा दोन नोंदी एकदमच बदलायला हव्यात, तर तक्ता बरा. माझ्या मते बहुतेक लहान-मध्यम कामांना तक्ताच पुरतो. अमेझॉनची अडचण नसताना अमेझॉनचा उपाय करणे म्हणजे चार माणसांच्या स्वयंपाकाला पंगतीचे पातेले चढवणे. गुगलनेही २०१२ च्या ‘स्पॅनर’विषयीच्या निबंधात व्यवहारांची हमी प्रणालीतच असावी, असा कौल दिला आणि २०१८ मध्ये मोंगोडीबीने अनेक नोंदी एकदम बदलण्याची सोय केली. इकडे तक्तेवाल्या पोस्टग्रेसने २०१२ पासूनच तक्त्याच्या एका घरात अख्खी वंशावळ ठेवण्याची मुभा दिली होती.

चंद्रावरच्या स्वारीसाठी जन्मलेली आयएमएस तर आजही मोठमोठ्या बँकांत चालू आहे. खाते क्रमांक द्यायचा आणि शिल्लक काढायची, हा तिथला प्रश्न पन्नास वर्षांत बदललेला नाही.