लांडगा मेला, कोड जिवंत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. पाचवी गल्ली, आठवी गल्ली म्हटलं की माणूस बरोबर दारात पोचतो. त्या नंबरावरून गल्लीच्या स्वभावाबद्दल कुणी काही ठरवत नाही. याच गल्ल्यांतल्या दवाखान्यांत उच्चारली जाणारी रोगांची नावं मात्र अशी मुकी नसतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, थायरॉइडचा हाशिमोतो विकार, लुपस, कोड ही आज एका कुळातली मंडळी मानली जातात, कारण या सगळ्यांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. पण हे कुळ जुळलं अगदी अलीकडे. 1956 मध्ये रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांना थायरॉइडचाच अर्क टोचून त्यांच्या थायरॉइडला सूज आणून दाखवली, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि सहकाऱ्यांना हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सापडली. नावं त्याच्या कितीतरी आधीची. कारण ठाऊक नसताना, डोळ्यांना दिसलं त्यावरून किंवा त्या काळच्या तर्कावरून ती पडली.

लुपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्याची कातडी लांडग्याने कुरतडल्यासारखी दिसते म्हणून मध्ययुगीन वैद्यांनी हे नाव वापरलं, आणि त्यात त्वचेच्या क्षयासारखे भलतेच रोगही कोंबले. पुढे पॅरिसच्या काझनाव्ह यांनी 1851 च्या सुमारास त्याला ‘लालसर’ हे विशेषण जोडून आजचा लुपस वेगळा काढला. ग्रीक ‘ऱ्हुमा’ म्हणजे वाहणं. दूषित रस सांध्यांत झिरपतो ही समजूत त्यामागे होती. त्यावरून 1859 मध्ये गॅरड यांनी ‘ऱ्हुमॅटॉइड’ हा शब्द घडवला. आपल्याकडे माधवनिदानातला आमवात याच धर्तीचा: न पचलेला आम वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसतो. तर्क दोन्हीकडे जवळपास सारखाच, पण परिणाम सारखा नाही. लुपस ऐकून कोल्हापुरात कुणाला लांडगा आठवत नाही. ‘वात’ मात्र सगळ्यांना कळतो. म्हणून म्हातारपणी झिजलेला गुडघा आणि पस्तिशीतल्या बाईची सकाळी तासभर न वळणारी बोटं, दोन्ही ‘वाताचा त्रास’ या एकाच खात्यात जमा होतात. पहिल्याला थोडी सबुरी चालते; दुसरीवर लवकर औषध सुरू झालं नाही तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. मेलेलं नाव निरुपद्रवी असतं, बोलतं नाव रोग्याला चुकीच्या वाटेला लावतं.

याचा सर्वांत वाईट नमुना म्हणजे कोड. संस्कृत कुष्ठ, प्राकृत कोढ, मराठी कोड अशी त्याची वंशावळ. हिंदीत कोढ म्हणजे आजही कुष्ठरोगच. खरं तर जुन्या वैद्यांना फरक दिसला होता. अथर्ववेदातली पांढऱ्या डागांवरची सूक्तं किलास हे नाव वापरतात. चरकाने श्वित्र, म्हणजे हेच पांढरे डाग, अठरा कुष्ठांच्या यादीबाहेर ठेवून प्रकरणाच्या शेवटी घेतलं. सुश्रुताने किलासाला कुष्ठाचाच प्रकार म्हटलं खरं, पण ते फक्त त्वचेत राहतं आणि स्रवत नाही, हेही नोंदवलं. ग्रंथांनी राखलेलं हे अंतर बोलीने पुसून टाकलं आणि त्याची किंमत लग्नाच्या बाजारात मुली मोजत आल्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांना 2006 मध्ये ‘नितळ’ हा कोडावरचा चित्रपट काढावासा वाटला तो उगाच नव्हे.

यावर कुणी म्हणेल, नाव बदलून नजर बदलत नाही. महारोगाचा कुष्ठरोग केला म्हणून भीती गेली का? नाही गेली. वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीने 1949 पासून तेच जुनं नाव लावून लोकांची नजर बदलण्याचं काम केलं, हेही खरं. पण महारोग हे योग्य रोगाचं कठोर नाव होतं, कोड हे दुसऱ्याच रोगाचं नाव आहे. कुष्ठाचा जंतू हॅन्सेन यांनी 1873 मध्ये पाहिला. कोडाला जंतूच नाही, ते स्पर्शाने पसरत नाही. ही भावनेची नव्हे, माहितीची चूक आहे. जुने कागद घोटाळ्यात पडतील ही दुसरी हरकतही टिकत नाही. वेगेनर या जर्मन डॉक्टरचा नाझी पक्षाशी संबंध उघड झाल्यावर 2011 मध्ये त्याच्या नावाचा विकार नव्या नावाने ओळखला जाऊ लागला. काही काळ दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली गेली, आणि काम अडलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर कोड न लिहिता सरळ विटिलिगो किंवा श्वित्र लिहावं, आणि ‘वात’ म्हणताना कोणता वात ते रुग्णाला त्याच बैठकीत सांगावं.