स्क्रीनओएस परवल प्रकरण
संगणक-जाळ्यांच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या नेटस्क्रीन उपकरणांच्या आज्ञावलीत दडविलेला परवलीचा शब्द २०१५ मध्ये उघडकीस आला. त्या प्रकरणास हे नाव देता येईल. परवलीचा शब्द उपकरणाच्या धन्याने ठरवावा व हवा तेव्हा बदलावा, हा सर्वमान्य संकेत होय. तो आज्ञावलीतच कायमचा कोरलेला असल्यास धन्यास बदलता येत नाही. बहुधा त्याचे अस्तित्वही त्यास ठाऊक नसते. फायरवॉलमध्ये हा दोष विशेष घातक ठरतो, कारण आतील सर्व संगणकांची राखण तिच्याकडेच असते.

नेटस्क्रीन ही अमेरिकन कंपनी जुनिपर नेटवर्क्सने २००४ मध्ये विकत घेतली. तिची उपकरणे स्क्रीनओएस या प्रणालीवर चालत. अंतर्गत तपासणीत या प्रणालीत अनधिकृत मजकूर आढळल्याचे जुनिपरने १७ डिसेंबर २०१५ रोजी जाहीर केले. त्यातून दोन दोष निष्पन्न झाले. पहिल्यामुळे एखादे वैध वापरकर्तानाम व दडविलेला शब्द एवढ्यावर एसएसएच किंवा टेलनेटमार्गे उपकरणाचा संपूर्ण ताबा मिळे. हा शब्द मोठ्या चातुर्याने रचलेला होता : कोनी कंस व टक्केचिन्हे यांमुळे तो आज्ञावलीतील दोषशोधनाच्या सामान्य ओळींसारखाच दिसे. जुनी व दुरुस्त आवृत्ती ताडून पाहताच मात्र तो हाती लागला. नेदरलँड्समधील फॉक्स-आयटी या संस्थेस त्यासाठी सहा तास लागले. तीनच दिवसांत रॅपिड७ या संस्थेने तो प्रसिद्ध केला. एसएसएचद्वारा गाठता येणारी सु. २६,००० उपकरणे तेव्हा इंटरनेटवर होती. दुरुस्तीनेच अशा प्रकारे किल्ली उघड केली.

दुसरा दोष अधिक गंभीर मानावा लागेल. ड्युअल ईसी या यादृच्छिक अंक निर्माण करणाऱ्या पद्धतीतील एक स्थिरांक २०१२ मध्ये गुपचूप बदलण्यात आला होता. बदलणाऱ्यास त्यायोगे सांकेतिक व्हीपीएन संदेश, उपकरणास स्पर्शही न करता, उलगडणे शक्य झाले.

असा दोष नेहमीच घुसखोरीतून उद्‌भवतो असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये फोर्टिनेटच्या जुन्या आवृत्त्यांत स्थिर परवल आढळली. ती उपकरणांच्या मध्यवर्ती व्यवस्थापनासाठी होती, असा कंपनीचा खुलासा होता. घुसणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद अर्थात गौण. झायक्सेलच्या फायरवॉलमध्ये तर डिसेंबर २०२० मध्ये असेच एक छुपे खाते सापडले. जोडलेल्या उपकरणांना सुधारित आवृत्त्या आपोआप पुरविण्यासाठी ते निर्मात्यानेच ठेवले होते आणि त्यास प्रशासकाचे सर्व अधिकार होते.