गच्चीवरचे विमान आणि पुराव्याचे कागद

आपल्या बऱ्हाणपुरात घर आणि कारखाना यांच्यात भिंत फारशी कधी नव्हती. ओसरीवर माग, माजघरात तारकशी, पडवीत रंगाची भांडी, अशीच या गावाची रीत होती. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच प्रवासी येथून गेला. येथल्या तलम आणि जरतारी कापडाला इराण-तुर्कस्तानापर्यंत मागणी असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. ते कापड निघाले ते मोठमोठ्या कारखान्यांतून नव्हे, घराघरांतून. त्यामुळे कोणी माणूस आपल्या घरीच विमान बांधतो असे ऐकल्यावर बऱ्हाणपूरकराला अचंबा वाटेल, पण ती गोष्ट अगदीच परकी वाटू नये. हा उद्योग परदेशात बहुधा घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये चालतो. आपल्याकडे तो चालला मुंबईच्या एका गच्चीवर, आणि तो करणारा माणूस मराठी होता. प्रस्तुत लेखात त्या उद्योगाचा मागोवा घ्यावयाचा आहे आणि त्याच्या आधारे इतिहासातील एका जुन्या प्रश्नाकडेही वळावयाचे आहे. तो प्रश्न असा: पराक्रम घडणे आणि पराक्रमाची नोंद राहणे या दोन गोष्टींत अंतर किती?

घरगुती विमानाची परंपरा खुद्द विमानाइतकीच जुनी आहे. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे बंधू अमेरिकेतील डेटन गावी सायकलींचे दुकान चालवीत. त्याच दुकानाच्या मागच्या भागात त्यांनी आपल्या यंत्राचे भाग घडविले. त्यांच्याकडे कामाला असलेल्या चार्ली टेलर या कारागिराने सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळवंटी किनाऱ्यावर ते यंत्र १२ सेकंद हवेत राहिले आणि १२० फूट गेले. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणाने ५९ सेकंदांत ८५२ फूट अंतर कापले. आकडे किरकोळ वाटतात. परंतु त्यांचे मोल ते कसे टिकून राहिले यात आहे. पाच माणसे साक्षीला होती. त्यांपैकी जॉन डॅनियल्सने ऑर्व्हिलच्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढले. बंधूंनी त्याच दिवशी वडिलांना तार केली आणि रोजनिशीत वाऱ्याचा वेग, वेळ व अंतर लिहून ठेवले. पुढे कित्येकांनी त्यांचा अग्रमान हिरावू पाहिला. तेव्हा त्यांची बाजू लढविली ती या कागदांनीच.

येथे मराठी वाचकाला एक नाव हटकून आठवेल. शिवकर बापूजी तळपदे (जन्म १८६४) हे मुंबईचे गृहस्थ. जे. जे. कलाशाळेत ते शिकवीत आणि संस्कृत ग्रंथांचा त्यांना नाद होता. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडविले, ते दीड हजार फूट उंच गेले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड ते पाहण्यास हजर होते, अशी कथा आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकली आहे. कथा खरी ठरली असती तर राइट बंधूंच्या आठ वर्षे आधीचा मान एका मराठी माणसाकडे आला असता. म्हणूनच ती सांगताना आवाज नकळत चढतो.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला आवाज चढवून चालत नाही. तळपदे होऊन गेले आणि विमानविद्येचा ध्यास त्यांना होता, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या उड्डाणाविषयी. ज्या तत्कालीन वृत्तपत्रांचा हवाला दिला जातो त्यांतील मूळ मजकूर अभ्यासकांसमोर ठेवला गेलेला नाही. यंत्राचा एकही भाग, मोजमापाचे एकही टिपण, एकही छायाचित्र उरलेले नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार सांगितला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशभर वादंग झाले. त्याच महिन्यात तळपद्यांच्या आयुष्यावरून सुचलेला हिंदी चित्रपटही पडद्यावर आला. या साऱ्या गदारोळात तळपदे नावाचा खरा माणूस, त्याची धडपड, त्याची आर्थिक ओढाताण हे सारे बाजूलाच राहिले. दंतकथेने त्यांचा मान वाढविला असे आपण समजतो. वास्तविक तिने त्यांना झाकून टाकले आहे.

आता घरी विमान बांधण्याच्या आजच्या रीतीकडे वळू. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे हौशी विमानबांधणीकारांची संघटना स्थापन केली. दरवर्षी जुलैच्या सुमारास ऑशकॉश गावी भरणारी तिची जत्रा जगभर प्रसिद्ध आहे. आरंभी लोक नुसत्या नकाशांवरून विमान बांधीत. पुढे सुट्या भागांचे संच मिळू लागले. १९७३ साली रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी काढलेल्या कंपनीच्या संचांवरून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर आकाशात गेली आहेत. संच म्हणजे तयार विमान नव्हे. पेट्यांतून येतात ते कापलेले, भोके पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, पंखाचा कणा, फासळ्या आणि हजारो रिव्हेट. बांधणारा बहुधा शेपटापासून आरंभ करतो, कारण तो भाग लहान असतो आणि हात बसेपर्यंत एखादा पत्रा वाया गेला तरी नुकसान थोडे. रिव्हेट मारायला पुष्कळदा दोन माणसे लागतात. एकाने पुढून हातोडी चालवायची, दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. पती-पत्नींनी किंवा बाप-लेकांनी मिळून बांधलेली विमाने म्हणूनच अनेक आढळतात. दीड-दोन हजार तासांची मेहनत सहज लागते आणि संसार सांभाळून ती करायची तर पाच-सात वर्षे जातात.

अमेरिकन कायद्याची यात एकच मुख्य अट आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी, बांधलेला असला पाहिजे. बोलीभाषेत याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. तो सिद्ध करायला बांधणारा रोजची नोंदवही ठेवतो, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढतो. विमान पूर्ण झाल्यावर तपासनीस येऊन पाहतो आणि मग पहिले २५ किंवा ४० तास ठरावीक क्षेत्रातच चाचणीची उड्डाणे करावी लागतात. म्हणजे येथेही विमानाबरोबर कागद हवाच.

हा कागद निव्वळ दफ्तरी जाच आहे असे कोणास वाटेल. त्याने आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाची हकीकत ध्यानात घ्यावी. १९३३ साली मिन्येने एक चिमुकले विमान उडविले आणि पुढच्या वर्षी ते घरी कसे बांधावे याचे पुस्तक प्रसिद्ध केले. फ्रान्स-इंग्लंडात शेकडो लोकांनी हौसेने ते बांधायला घेतले. थोड्याच काळात अपघात होऊ लागले. विमानाचे नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की दोन्ही पंखांमधून वाहणाऱ्या हवेमुळे ते पुन्हा वर येईना. वातबोगद्यातील चाचण्यांनी हा दोष उघड केला तोवर अनेकांचे प्राण गेले होते, आणि सरकारांना बंदी घालावी लागली. मिन्ये प्रामाणिक होता, त्याचे चाहतेही प्रामाणिक होते; पण नुसत्या प्रामाणिकपणाच्या बळावर पंख वर उचलला जात नाही. अलीकडचे उदाहरण हवे असल्यास उपर्युक्त संचांच्या कंपनीचेच घ्यावे. लेसरने पाडलेल्या भोकांपाशी पत्र्यांना चिरा जात असल्याचे आढळले. ते भाग बदलून देण्याचा भार व इतर अडचणी मिळून २०२३ च्या अखेरीस कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. पुढे ती त्यातून सावरली.

या पार्श्वभूमीवर कॅप्टन अमोल यादव यांच्या गच्चीकडे पाहावे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील एका पाच मजली इमारतीत त्यांचे एकत्र कुटुंब राहते. अमेरिकेत वैमानिकाचे शिक्षण घेत असताना मित्रांसह त्यांनी एक जुने विमान विकत घेऊन दुरुस्त केले. आपणही विमान बांधू शकू, हा विश्वास त्यांना तेथे आला. १९९८ साली पहिला प्रयत्न झाला. तो व त्यानंतरचा दुसराही निष्फळ ठरला. पुढे नोकरी विमान चालविण्याची आणि सुटीचा वेळ विमान बांधण्याचा, असे त्यांचे दिवस गेले. तिसऱ्या विमानासाठी जागा उरली ती घराच्या गच्चीची. इमारतीला उद्वाहक नव्हता. अवजड यंत्रे आणि धातूचे भाग अरुंद जिन्यावरून माणसांनी वर नेले. हे तयार संचातील विमान नव्हते. इंजिन व काही उपकरणे बाहेरून आणलेली असली तरी सहा आसनांचा सांगाडा त्यांच्या स्वतःच्या आराखड्यानुसार गच्चीवरच उभा राहिला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला. विमानाचे भाग सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरविले आणि तेथे पुन्हा जोडून मांडले. लोकांची झुंबड उडाली आणि मराठी वृत्तपत्रांतून कौतुकाचे लेख आले. पण कौतुकाने विमानाला नोंदणी क्रमांक मिळत नाही. घरी बांधलेल्या विमानाची नोंदणी कोणत्या नियमाखाली करावी, या प्रश्नावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे वर्षानुवर्षे हेलपाटे झाले. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये 'व्हीटी-एनएमडी' हा क्रमांक मिळाला. उड्डाणाचा परवाना येण्यास ऑक्टोबर २०१९ उजाडला. ऑगस्ट २०२० मध्ये चाचणीचा पहिला टप्पा पार पडला, तो आपल्या शेजारच्या खानदेशात, धुळ्याच्या धावपट्टीवर. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, पालघर जिल्ह्यात मोठी विमाने बांधण्याचा ३५,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करारही राज्य शासनाशी झाला होता. त्याच्या बातम्या उड्डाणाच्या बातमीपेक्षा कितीतरी मोठ्या मथळ्यांनी छापल्या गेल्या. आपण करारांचा गाजावाजा करतो आणि चाचण्यांची नोंद कोपऱ्यात ठेवतो, ही सवय जुनीच म्हणावी लागेल.

या हकीकतीत महासंचालनालयाला खलनायक करणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी तसे केलेही. विलंब झाला यात शंका नाही. एका माणसाची उमेदीची वर्षे अर्जांच्या पाठपुराव्यात जावीत हे कोणत्याही व्यवस्थेला भूषणावह नाही. परंतु मिन्येच्या विमानाखाली गेलेले जीव आठवले की तपासणीच नको असे म्हणवत नाही. नियम अमेरिकेतही आहेत. फरक इतकाच की तेथे हौशी माणसाने कोणत्या दाराने आत यावे हे ठरलेले आहे. आपल्याकडे दार कोठे आहे हे शोधण्यातच आयुष्य सरते. मागणी करावयाची तर ती या दाराची करावी.

आणि तरीही, त्या विलंबाने एक गोष्ट नकळत साधली. तळपदे आणि यादव यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. दोघेही मुंबईचे, दोघांनाही एकच ध्यास. पण २१२० साली कोणी अभ्यासक यादवांविषयी लिहू लागला तर त्याला नोंदणीपत्र सापडेल, परवाना सापडेल, दिनांक सापडतील, छायाचित्रे सापडतील. विमान किती उंच गेले, किती वेळ राहिले याविषयी त्याला कोणाच्या आजोबांच्या आठवणीवर विसंबावे लागणार नाही. ते उड्डाण दीड हजार फुटांचे नसेल, पण जेवढे होते तेवढे खरे म्हणून उरेल.

हे सारे बऱ्हाणपुरात बसून का लिहावे? १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांकडे आले. पुढे शिंद्यांचा अंमल झाला. आपल्यापैकी अनेक घराणी त्या दोन लाटांबरोबर येथे आली. प्रत्येक घरात एक तरी कथा आहे: कोणा पूर्वजाने गड राखला, कोणाला इनाम मिळाले, कोणी कारभार सांभाळला. या कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या पाठीशी असलेले मोडी कागद माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवीच्या हवाली आहेत आणि ते वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आणखी दोन पिढ्यांनी आपल्या पूर्वजांची अवस्था तळपद्यांसारखीच होईल. कथा राहील, माणूस झाकला जाईल.

जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास खोदलेला आपला कुंडी भंडारा पाहा. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या रांगेतून, केवळ उताराच्या बळावर गावाकडे येते. त्याच्या थोरवीसाठी कोणाला दंतकथा रचावी लागली नाही. कुंड्या मोजता येतात, उतार मोजता येतो, पाणी पिता येते. घराण्यांच्या कथांनाही असाच मोजता येणारा आधार हवा. माळ्यावरची ट्रंक या दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरवावी, कागद उन्हात न ठेवता सावलीत वारा द्यावा आणि मोडी जाणणारा कोणी आहे तोवर त्यांचे वाचन करून घ्यावे. एखादी लाडकी कथा त्यात खोटी ठरेल, याची तयारी ठेवूनच ट्रंक उघडावी.